टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि बिलात न दिसणारं काम

खंबाटकी घाट चढून वर आलो, चहाला गाडी थांबवली, दार उघडलं आणि जळक्या तेलाचा वास आला की बहुतेक जण आधी गाडीखाली वाकून बघतात. जमिनीवर थेंब नसला की "पुढच्या ट्रकचा वास असेल" म्हणून चहाकडे वळतात. माझं म्हणणं असं की त्या वेळी खाली नाही, वर बघायचं. बॉनेट उघडायचं आणि इंजिनच्या अगदी माथ्यावर जे झाकण असतं, ज्याला आपल्याकडची सगळी गॅरेजं टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेकडेने टॉर्च फिरवायचा. तिथे ओलसर, धूळ चिकटलेली काळी रेघ दिसली तर वासाचं उत्तर बहुतेक तिथेच असतं. तेल झाकणाच्या कडेतून झिरपतं, हेडवरून, म्हणजे सिलिंडरच्या वर बसणाऱ्या भागावरून ओघळतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर पडतं आणि जमिनीवर पोचायच्या आधीच जळून जातं. म्हणून थेंब दिसत नाही, फक्त एसीच्या जाळीतून वास येत राहतो आणि कधी सिग्नलला उभं असताना बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर जाताना दिसते.

हे झाकण आणि हेड यांच्यामध्ये एक रबराचं पॅकिंग असतं. काहीशे रुपयांची वस्तू. आणि या वस्तूवर मी एवढं लांबलचक लिहितोय कारण ती बदलायचं काम जितकं सोपं समजलं जातं तितकंच ते वाईट पद्धतीने केलं जातं, आणि मग लोक म्हणतात, "पॅकिंग बदललं तरी लीकेज आहेच, आता इंजिनच काढावं लागेल." नाही लागत हो. पॅकिंग नीट बसवलेलं नसतं, एवढंच.

आणि हा पाझर साधा समजू नका. मॅनिफोल्ड काही शे डिग्री तापलेलं असतं, त्यावर सतत तेल पडत राहणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग हेडच्या मधोमध खोल विहिरीत बसतात आणि वर त्यांना ठिणगीची वीज देणारी कॉइल असते, तिथे प्लगच्या नळीभोवतीची सीलं गेली की ती विहीर तेलाने भरते, कॉइलचं रबर फुगतं, गाडी मिसिंग मारायला लागते आणि बिचाऱ्या मालकाला नवे प्लग, नव्या कॉइल, इंजेक्टर सफाई असं सगळं करून झाल्यावर कळतं की मूळ भानगड वरच्या सीलमध्ये होती. तेल इंजिन माउंटिंगच्या रबरावर पडलं तर ते रबर मऊ पडतं. बेल्टवर पडलं तर बेल्टचं आयुष्य कमी होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल ओघळत ओघळत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी जाऊन टपकायला लागलं की "मागचं ऑइल सील गेलंय" असं निदान होतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला जातो. तेल नेहमी वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे टपकतं तिथेच लीकेज असतं असं नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची असते. नक्की कळत नसेल तर इंजिन धुऊन पुसून कोरडं करायचं, थंड असताना संशयाच्या कडेला साधी टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि थोडं फिरून यायचं. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झालेली दिसते तिथे लीकेज.

हे सगळं मी शिकलो ते पुण्यात सिंहगड रोडच्या एका छोट्या गॅरेजवाल्या काकांकडे, स्टुलावर बसून बघत बघत आणि मग हळूहळू स्वतः हात काळे करत. काकांनी मारुती ८०० च्या जमान्यात काम सुरू केलं, म्हणजे टॅपेट सेटिंग, व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट ठरवायचं काम, करायला हे झाकण वरचेवर उघडायला लागायचं त्या काळात. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घालून स्क्रू फिरवायचा, लॉकनट आवळायचा, झाकण परत लावायचं. त्यामुळे झाकण उघडणं-लावणं त्यांच्या हातात मुरलेलं. आता बऱ्याच गाड्यांत ते सेटिंग वरचेवर करावं लागत नाही, झाकण वर्षानुवर्षं उघडतच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच नव्या पोरांचा त्या कामावर हात बसत नाही.

आमची गाडी तीन सिलिंडरची पेट्रोल, टायमिंग चेनवाली. तिचं पॅकिंग आधी एका दुसऱ्या गॅरेजमध्ये बदललेलं होतं आणि काही महिन्यांतच पुन्हा पाझर सुरू झाला म्हणून काकांकडे आणली. इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, आणि झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची सगळी धूळ ब्रशने आणि हवा मारून काढली. हे महत्त्वाचं, कारण झाकण उचलल्यावर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, उघडा पडतो आणि कडेची रेती आत पडली की ती थेट तेलात. कॉइल काढल्या, एका विहिरीत तेल होतं ते आधी कापडाने टिपून घेतलं, कारण तसाच प्लग खोलला असता तर ते तेल सिलिंडरमध्ये उतरलं असतं. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर नेणारी नळी, हळूच पिळून काढला, जुना झाला की तो कडक होतो आणि ओढला की तुटतो. बोल्ट कडेचे आधी आणि मधले शेवटी, थोडे थोडे सैल करत काढले. झाकण चिकटलं होतं, तर लाकडी दांड्याने बाजूने दोन टिचक्या मारल्या. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं नाही. ॲल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा पडला की तोच पुढे तेलाचा रस्ता होतो.

झाकण उलटं केलं आणि कारण समोर दिसलं. आधीच्या माणसाने पॅकिंगच्या सगळ्या बाजूने, वर-खाली, राखाडी सिलिकॉन, ट्यूबमधून निघणारी आणि सुकून रबरासारखी होणारी पेस्ट, फासलं होतं. बाहेर आलेलं त्याने पुसून घेतलेलं, त्यामुळे बाहेरून काम एकदम झकास दिसत होतं. पण जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं ना. आतल्या कडेला सिलिकॉनचे सुतळीएवढे दोरे लोंबत होते, काही अर्धवट सुटलेले, आणि एका ठिकाणी तुकडा निघून गेल्याची रिकामी जागा. काकांनी चिमट्याने एकेक दोरा काढून वर्तमानपत्रावर ओळीने ठेवला आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हा कुठे गेला असेल सांगा साहेब?" तो जातो खाली ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, तिथून तेल शोषणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतो. असे तुकडे साठले की पंपाला तेल कमी मिळतं. म्हणजे लीकेज थांबवायला लावलेली गोष्ट इंजिनचं तेल तोडू शकते.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं, ते तसंच बनवलेलं असतं. सिलिकॉन लागतं ते फक्त ठरावीक जागी, जिथे दोन वेगळे भाग जोडले जाऊन त्यावर झाकण बसतं. चेनच्या इंजिनांत चेन कव्हर आणि हेड यांच्या जोडाची फट झाकणाच्या खालूनच जाते, दोन्ही बाजूंना एकेक. रबर तिथली ती बारीक पायरी भरू शकत नाही. काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला अर्धगोल खाच असते, तिच्या कोपऱ्यातही तीच अडचण. अशा कोपऱ्यात तीन-चार मिलिमीटरचा ठिपका लावायचा, बाकी कुठेही नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, उन्हाने नाही. म्हणून पावसाळ्यात, त्यातून कोकणात, त्यावर साय लवकर धरते आणि साय धरल्यावर झाकण ठेवलं तर चिकट राहत नाही, नुसतं दबतं. ठिपका लावला की काही मिनिटांत झाकण बसलं पाहिजे, आणि ट्यूबवर सुकायला जेवढा वेळ लिहिलाय तेवढी गाडी उभी पाहिजे. पूर्ण पक्कं व्हायला बऱ्याचदा २४ तास लागतात. "संध्याकाळी गाडी पाहिजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवून देणं कठीण जातं.

जुनं पॅकिंग हातात घेऊन बघण्यासारखं असतं. काकांनी कपाटातून एक फार जुनं काढून दिलं, जरा वाकवलं आणि पापड मोडावा तसं ते कटकन तुटलं. नवं मात्र बोटाला गुंडाळता येतं. नव्याच्या वरच्या अंगाला छान गोल उंचवटा असतो, जुन्याचा दबून चपटा झालेला. तेवढ्या उंचवट्यावरच सगळा खेळ आहे. रबर दाबलं जातं, परत वर यायला बघतं, आणि त्या वर येण्याच्या जोरावर ते दोन्ही पृष्ठभागांना धरून ठेवतं. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ते दबलेलाच आकार कायमचा धरतं, मग वर यायचा जोर संपतो आणि तेल वाट काढतं. रबरारबरातही फरक असतो, साधं नायट्राइल शंभर-सव्वाशे डिग्रीच्या पुढे लवकर कडक होतं, ॲक्रिलिक रबर साधारण दीडशेपर्यंत टिकतं, सिलिकॉन रबर दोनशेच्या आसपासही मऊ राहतं. त्यामुळे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात दोन पॅकिंगं शेजारी ठेवून "दिसायला सेम आहे, हे निम्म्या किमतीत आहे" म्हणतात तेव्हा दिसण्यावर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पॅकिंगबरोबर प्लगच्या नळ्यांची सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशरही नवे घ्यायचे. त्यांनीही तेवढीच उष्णता खाल्लेली असते.

आता सफाई. या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो आणि गेला पाहिजे. हेडचा जो चपटा काठ आहे, ज्यावर रबर टेकणार, तो नखाने चाचपून बघितला तर जुन्या सिलिकॉनचे पातळ पापुद्रे लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे. ब्लेड चालवायचं नाही, ॲल्युमिनियम मऊ असतं. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरचा घासणीचा पॅड तर अजिबात नको, त्याची कडक पूड तेलात मिसळते आणि बेअरिंगपर्यंत जाते. आत पूड आणि तुकडे पडू नयेत म्हणून तेल खाली जायच्या भोकांवर स्वच्छ कापड दाबून ठेवायचं, आणि धागे सुटणारं वेस्ट वापरायचं नाही. झाकणाची खाच तर सगळ्यात दुर्लक्षित. रबर जिथे बसतं त्या खाचेच्या तळाशी जळलेल्या तेलाचा थर असतो, तो राहिला तर नवं पॅकिंग तिथे थोडं उचललेलं बसतं आणि शेजारी कमी दाबलं जातं. काकांनी बांबूच्या काडीला टोक काढून, तिच्यावर फडकं गुंडाळून ती खाच पूर्ण फिरवली. क्लीनर मारला, पुसलं, परत मारला, परत पुसलं, फडकं पांढरं निघेपर्यंत.

आणि मग एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला कुठल्या व्हिडिओत सापडली नव्हती. आपण हेडचा काठ पुसून कोरडा करतो, मग झाकणाकडे वळतो, पॅकिंग खाचेत दाबत बसतो, आणि तेवढ्या वेळात हेडमधल्या डबक्यांतलं तेल हळूहळू परत काठावर चढलेलं असतं. बोट फिरवलं तर चकाकतं. म्हणून झाकण हातात तयार असताना, ठेवायच्या अगदी आधी, काठ शेवटचा एकदा पुसायचा आणि मगच कोपऱ्यातले ठिपके लावायचे. तेलावर सिलिकॉन धरतच नाही. एवढीशी गोष्ट आहे पण तिथेच कामाची पारख होते.

पॅकिंग खाचेत बसवताना कोपऱ्यांपासून सुरुवात करायची आणि ताणायचं नाही. ताणून बसवलं की ते नंतर आक्रसतं आणि कोपऱ्यातून उचलतं. पुरत नसेल किंवा उरत असेल तर ते आपल्या इंजिनचं नाहीच, परत करायचं. प्लगच्या सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावायचं, म्हणजे ते नळीवर दुमडत नाही. झाकण सरळ वरून खाली आणायचं, ठेवल्यावर सरकवायचं नाही, आणि मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मागची, फायरवॉलकडची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची बाजू बघायची, कारण पॅकिंग निसटतं ते बहुतेक तिथेच, जिथे हात आणि नजर दोन्ही जात नाहीत.

आवळणं. इथे आपल्या लोकांचा हात फार जड आहे. हे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे, दहाच्या बॉक्सने फिरणारे, आणि बऱ्याच गाड्यांत त्यांचा टॉर्क ८ ते ११ न्यूटन-मीटर एवढाच असतो. चाकाच्या नटाला शंभरच्या आसपास लागतो, म्हणजे हा साधारण त्याचा दहावा हिस्सा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत त्या बोल्टला खांदा असतो, तो हेडवर टेकला की काम संपलं, रबर जेवढं दबायला हवं तेवढं दबलेलं असतं. त्याच्या पुढे जोर लावला तर पॅकिंग जास्त दाबलं जात नाही, फक्त ॲल्युमिनियममधले आटे जातात. मग हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, घालत बसा. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टभोवती खोलगा पडतो आणि दोन बोल्टच्या मधला भाग वर उचलला जातो, म्हणजे जितकं आवळाल तितकं लीकेज वाढतं. प्लास्टिकचं असेल तर तडा. मी काकांना विचारलं होतं की थोडं जास्त आवळलं तर बिघडतं काय, तर म्हणाले, "आवळून तेल थांबत असतं तर कंपनीने पॅकिंग कशाला दिलं असतं?"

आधी सगळे बोल्ट हाताने लावायचे, बोटांनीच, आटे नीट धरलेत हे जाणवलं पाहिजे. मग मधल्यापासून सुरू करून बाहेर, आळीपाळीने समोरासमोर, पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात पूर्ण. मोठा अर्ध्या इंची टॉर्क रेंच इथे चालत नाही, एवढ्या कमी आकड्यावर त्याचा क्लिक भरवशाचा नसतो किंवा वाजतच नाही आणि आपण फिरवत राहतो. पाव इंची छोटा रेंच घ्यायचा. तो नसेल तर लांब रॅचेट बाजूला ठेवून छोट्या दांड्याने, मनगटाने आवळायचं, खांदा लावायचा नाही. रबरी पॅकिंग पुन्हा आवळावं लागत नाही, ती जुन्या कॉर्कची सवय. कॉर्क सुकून बसायचा, सैल व्हायचा, म्हणून महिन्याने परत पाना लावायचे. लोकांनी सवय तेवढी ठेवलीय, कॉर्क गेला.

एवढं सगळं करूनही लीकेज आलंच तर पॅकिंगला शिव्या देण्याआधी ब्रीदर बघा. टॅपेट कव्हरच्या आत तसं प्रेशर नसतंच, उडणारं तेल आणि वाफ अडवायची, एवढंच पॅकिंगचं काम. पण पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, येतच असतो, आणि तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, जो ती वाफ परत इंजिनमध्ये जाळायला पाठवतो. पूर्वी ही वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडायचे, १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांमुळे हा व्हॉल्व्ह गाड्यांमध्ये आला आणि मग सगळीकडे रूढ झाला. तो चिकटाने बंद झाला की आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर कडेतून बाहेर ढकललं जातं, पॅकिंग कितीही नवं असू दे. साध्या पेट्रोल इंजिनात एक सोपी तपासणी आहे, गाडी आयडलला ठेवून तेल भरायचं झाकण उघडायचं आणि त्या तोंडावर पेट्रोल पंपाची पावती ठेवायची. कागद हलकेच ओढला गेला तर ठीक. उडून गेला, खालून जोरात हवा येत असली तर आधी तो व्हॉल्व्ह आणि पाइप बघायचा, आणि ते स्वच्छ असूनही हवा येत असेल तर मग पिस्टनच्या रिंगांची वेगळीच गोष्ट आहे.

काकांनी बिल लिहिलं तेव्हा पॅकिंगचे, सीलांचे पैसे वेगळे आणि लेबर वेगळं. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस, त्याची गाडी पुढच्या नंबरला होती, बिल वाचून म्हणाला, "काका, रबर एवढ्याचं आणि लेबर एवढं?" मला राग आला, खरंच आला. त्याला दिसली ती बदललेली वस्तू. बांबूच्या काडीने खाच फिरवलेली त्याला दिसली नव्हती, शेवटचा पुसलेला काठ दिसला नव्हता, आणि झाकण लागल्यावर ते आता कुणालाच दिसणार नाही. आपण पार्टचे पैसे मुकाट देतो आणि लेबरवर घासाघीस करतो, मग गॅरेजवाला जे दिसत नाही तेच काम कमी करतो, सफाईऐवजी सिलिकॉन फासतो, कारण ट्यूब दोन मिनिटांत फिरते. आधीच्या गॅरेजमधला तो माणूस काही वाईट नसणार. त्याच्याकडे दुपारपर्यंत बऱ्याच गाड्या असतील आणि प्रत्येक मालक फोन करून "झाली का?" विचारत असेल. तरी मी म्हणेन, सफाईचे पैसे मागा आणि आम्ही ते दिले पाहिजेत. मी शेजारच्या माणसाला वर्तमानपत्रावरचे ते दोरे दाखवले. त्याने बराच वेळ बघितले आणि मग काकांना विचारलं, "माझ्यात पण असेल का असं?"

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. घरी आल्यावर थंड इंजिनच्या कडेने बोट फिरवलं, कोरडं. सातारला जाऊन आल्यावर परत फिरवलं, कोरडंच. फक्त तेल भरायच्या झाकणाखाली जरा ओल होती आणि ती पॅकिंगची नव्हती, त्या झाकणाची स्वतःची रबरी रिंग चपटी झालेली. ती रिंग अगदी किरकोळ किमतीत मिळते आणि तिच्यातून निघालेलं तेल टॅपेट कव्हरवरून ओघळून बरोबर पॅकिंगच्या कडेला जाऊन साठतं, त्यामुळे आळ पॅकिंगवर येतो. तुम्ही पॅकिंग मागायला दुकानात जाल तेव्हा तीही त्याच पिशवीत मागून घ्या.